वाटेचा पुत्र

अब्बांना चालण्याचा नाद होता. खुल्दाबादचा उरूस आला की ते फजरची नमाज पढून औरंगाबादहून पायी निघत. शाळेत असताना तीन-चार वेळा मीही त्यांच्याबरोबर गेलो. पाडेगाव, मिटमिटा, शरणापूर, मग दौलताबादचा किल्ला, घाट, हातकागद करणाऱ्यांचे कागजीपुरा आणि शेवटी खुल्दाबाद. पंचवीसेक किलोमीटर. वाटेत ते फारसे बोलत नसत. मी कुरकुर केली की म्हणत, "चलते चलते आदमी हल्का होता, बेटा."

हे वाक्य मी पुढे आयुष्यभर वापरले. अब्बा गेल्यावरही दरवर्षी ती वाट चालत राहिलो, सह्याद्रीतही भटकलो. एकट्याने लांबवर चालताना माणसाला स्वतःची ओळख पटते, अशा अर्थाचे दोन-तीन लेखही मी लिहिले. वाचकांची पत्रे आली, मला बरे वाटले. आज ते लेख वाचवत नाहीत. त्याचे कारण सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

आधी शरीअतमधला मुसाफिर पाहू. प्रवासाचे अंतर फिक्हने पायांनी मोजले. हनफी मताप्रमाणे तीन दिवसांच्या चालीइतके दूर जाणारा तो मुसाफिर. आजच्या हिशेबाने साधारण 48 मैल, म्हणजे सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर किलोमीटर धरतात. कोकणातले आपले शाफई बांधव दोन दिवसांची चाल मानतात. मुसाफिराला चार रकातींची फर्ज नमाज दोन रकातींची होते, रमजानचा रोजा पुढे ढकलता येतो. गंमत अशी की खुल्दाबादपर्यंत पाय सुजवून जाणारा मी या हिशेबात मुसाफिर ठरतच नाही, आणि वातानुकूलित गाडीतून तीन-चार तासांत पुण्याला जाणारा माझा मेहुणा ठरतो. यावर आमचा घरात बराच वाद झाला आहे. उलमांचे उत्तर सरळ आहे : सवलत प्रवासाला आहे, त्रासाचे मोजमाप कोण करत बसणार? मला ते पटते. प्रवास हौसेचा की पोटासाठीचा, हेही हनफी फिक्ह विचारत नाही.

पण जकातीच्या प्रकरणात चित्र पालटते. सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत शेवटचा आहे इब्नुस्सबील. शब्दशः अर्थ वाटेचा पुत्र. घरी तो मालदार असेल, शेतीवाडी असेल, तरी वाटेत हात रिकामा झाला तर जकातीत त्याचा वाटा आहे. हा वाटा म्हणजे देणाऱ्याची मेहेरबानी नव्हे, चालणाऱ्याचा हक्क आहे. आईबाप, गाव, जात, जमात सगळे मागे राहिलेल्या माणसाला 'वाटेचा पुत्र' म्हणायचे, आणि वाटेला लेकरू आहे म्हटल्यावर वाटेकाठी राहणाऱ्यांवर त्याची जबाबदारी टाकायची. शब्द फार विचारपूर्वक घडला आहे.

इब्न बतूताला याचा अनुभव आपल्याच देशात आला. 1325 साली, एकविसाव्या वर्षी, तो तंजाहून हजला निघाला आणि तीसेक वर्षे फिरत राहिला. जगातला थोर पायपीट करणारा म्हणून त्याचे नाव घेतात, पण तो बहुतेक घोडा, उंट, गलबत यांवरूनच फिरला, बरोबर नोकरचाकर आणि सामान. दिल्लीत तो काजी होता. 1342 साली मुहम्मद तुघलकाने चीनच्या बादशहासाठी नजराणे देऊन त्याला वकील म्हणून धाडले. कोलजवळ, म्हणजे आजच्या अलीगडच्या आसपास, तो साथीदारांपासून तुटला, पकडला गेला, लुटला गेला. सुटल्यावर कित्येक दिवस तो लपतछपत पायी भटकला, पाला खाल्ला, पाय रक्ताळले. अखेर एका विहिरीवर त्याला काळ्या वर्णाचा एक माणूस भेटला. हातात लोटा आणि काठी. त्याने सलाम केला, फारसीत विचारले, तू कोण? बतूता म्हणाला, वाट चुकलेला. तो म्हणाला, मीही तसाच. त्याने पाणी शेंदले, झोळीतून मूठभर भाजलेले हरभरे आणि थोडा तांदूळ काढून दिला. खाणे झाले, पाणी पिणे झाले, दोघांनी नमाज पढली. मग त्याने विचारले, तुझे नाव काय?

बतूताने त्याचेही नाव विचारले. त्याने जे सांगितले त्याचा अर्थ होतो दिलशाद. पुढे बतूताला चालवेना, तेव्हा त्या माणसाने त्याला खांद्यावर घेतले. बतूताला झोप लागली. जाग आली तेव्हा तो एका गावात होता आणि तो माणूस गेलेला होता. लोक या प्रसंगात करामत पाहतात. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी पाणी, मग अन्न, आणि नाव सर्वांत शेवटी.

याच बतूताने दौलताबादची दुसरी एक चाल नोंदवली आहे. तुघलकाने 1327च्या सुमारास दिल्लीकरांना देवगिरीकडे हाकलले. घर सोडायला तयार नसलेल्या एका आंधळ्याला फरफटत नेण्याचा हुकूम झाला, आणि दौलताबादेत त्याचा फक्त पाय पोहोचला, असे तो लिहितो. त्याच्या भारतात येण्याआधीची ही ऐकीव हकीकत आहे, थोडी अतिशयोक्ती असेल. तरीही ज्या वाटेवर अब्बा हलके होत, तिच्यावर अशीही माणसे चालली आहेत. किल्ल्यापाशी दम खायला बसताना हे मला कधी आठवले नाही.

आता 2020चा मे महिना. टाळेबंदी होती. आमचे घर जालना रोडपासून फार लांब नाही. रमजान चालू होता. एका दुपारी फाटकाशी पाच-सहा माणसे उभी राहिली, पाठीवर बोचकी, एकाच्या खांद्यावर पोर. "भैया, थोडा पानी मिलेगा?" मी व्हरांड्यातून विचारले, कहाँ से आये? त्यांनी सांगितले. मग मी विचारले, नाम क्या है?

का विचारले? त्या दिवसांत भाजीवाल्यांना नावे विचारत होते. मार्चमध्ये तबलीगचे प्रकरण झाल्यापासून आमच्या लोकांचे नाव ऐकले की दारे बंद होत होती. मी त्यावर संतापलो होतो, मित्रांना फोन करकरून बोललो होतो. आणि तोच प्रश्न माझ्या तोंडून पाण्याच्या आधी बाहेर पडला. रोगाची भीती होती, हे खरे. पण नावातून रोग येत नाही. त्याने नाव सांगितले. मी पाण्याची बाटली भिंतीवर ठेवली, मागे सरलो आणि 'आगे बढो भाई' म्हणालो. घरात डाळभात झाकून ठेवलेला होता. आत या म्हणणे तेव्हा शक्य नव्हते, पण भात भिंतीवर ठेवता आला असता.

त्यानंतर काही दिवसांनी, 8 मेला, शुक्रवारी, सहेरी करून, फजर पढून मी आडवा झालो होतो. उठल्यावर टीव्हीवर बातमी. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशातले मजूर भुसावळची गाडी पकडायला रुळांवरून पायी निघाले होते. थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले. पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरल्या होत्या. माझ्या फाटकाशी आलेले हे नव्हते, तारखांवरून ते उघड आहे. तरी मी यादीत ते नाव शोधत होतो.

एका मित्राला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, तू उगाच स्वतःला फटके मारून घेतोस. हौसेने चालणाऱ्यालाही तहान कळते, तेही काही कमी नाही. त्याने गांधीजींचे उदाहरण दिले. 1947च्या सुरुवातीला नोआखालीत ते अनवाणी गावोगाव गेले, तेही स्वेच्छेनेच ना? उदाहरण बरोबर आहे, पण माझ्या बाजूचे नाही. ते दुसऱ्याच्या दाराशी जाण्यासाठी चालत होते. मी चालत होतो माझ्याकडे पाहण्यासाठी, आणि पंचवीस वर्षांत जे दिसले नाही ते घरात उभे राहून, फाटकाच्या आतून, दोन मिनिटांत दिसले. तहान मला कळली होतीच. खुल्दाबादच्या वाटेवर मिटमिट्याच्या एका बाईंनी मला कितीदा तांब्याभर पाणी दिले आहे. त्यांनी माझे नाव कधी विचारले नाही. मीही त्यांचे विचारले नाही, आणि ते आता मला खटकते, कारण नाव शेवटी का होईना, विचारायचे असते.

उरूसाला मी अजूनही पायी जातो. अब्बांसारखे हलके वाटत नाही, पण जातो. पाठीवरच्या पिशवीत आता पाण्याच्या दोन बाटल्या जास्त असतात. त्या दुपारची बाटली त्या लोकांनी नेली नव्हती. संध्याकाळी इफ्तारच्या आधी फाटकाशी गेलो तर ती भिंतीवरच होती, रिकामी, झाकण नीट लावलेले.