आसव, माळ आणि मधुमेह

अमरावती-अकोल्याकडील खेड्यांतून, गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या मधुमेही गृहस्थापुढे वैद्याने लोध्रासवाची बाटली ठेवली, की त्याच्या मनात जो प्रश्न उभा राहतो तो वैद्यकाचा नसून धर्माचा असतो : ज्याने मद्य वर्ज्य केले, त्याने मद्यांश असलेले औषध घ्यावे काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. ज्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रूढी मोडून गोडाचे जेवण घातले आणि पुढे हयातभर कीर्तनांतून दारूचा निषेध केला, तेथे निर्व्यसनीपणा ही श्रद्धेचीच बाब होऊन बसली आहे.

आसव सिद्ध कसे होते ते पाहावे. औषधी द्रव्ये, मध किंवा गूळ आणि मेळघाटातही आढळणाऱ्या धायटीची तांबडी फुले पात्रात घालून त्याचे तोंड कापडमातीने बंद करतात आणि ते धान्याच्या राशीत ठेवून देतात; आत खळखळ चालू असते तोवर तोंडाशी नेलेली जळती काडी विझते, आणि ती विझेनाशी झाली म्हणजे आसव उतरले असे वैद्य समजतात. त्यात मद्यार्क आपोआप उपजतो. अबकारी कायद्यानेही अशा औषधांची तजवीज दारूहून निराळी केली आहे. नशेच्या लालसेवाचून, वैद्याने नेमलेल्या मात्रेत ते घेणाऱ्याचे व्रत मोडते असे मला वाटत नाही. परंतु आपला माळकरी मद्याची चौकशी करतो आणि गोडाची करीत नाही, हे मात्र मला फार खटकते; कारण किण्वनात न संपलेला गूळ वा मध त्या औषधात शिल्लक राहतो, आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना पोटात गेलेला मद्यार्क रक्तातील साखर एकाएकी धोक्याइतकी खाली आणू शकतो.

इन्सुलिनचीही कैफियत अशीच आहे. 1922 साली टोरांटोत ते प्रथम रोग्याला टोचले गेले, आणि त्यानंतर कित्येक दशके ते गाईंच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढीत असत. वैष्णव मनाला ते जड जाणे स्वाभाविक होते. 1982 पासून मात्र मानवी इन्सुलिन जीवाणूंकडून, आणि पुढे यीस्टकडूनही, मोठमोठ्या बंद पात्रांत करवून घेतले जाऊ लागले. धान्याच्या राशीतील मडके आणि कारखान्यातील ते पात्र या दोहोंत सूक्ष्म जीवांचीच चाकरी चालते. तेव्हा एकाला पवित्र आणि दुसऱ्याला अपवित्र ठरविण्यास शास्त्राधार उरत नाही. भेद आहे तो एवढाच, की इन्सुलिनची मात्रा मोजता येते आणि तिचा परिणाम पडताळलेला आहे. आसवाविषयी तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही.

रोग हे प्राक्तन म्हणून इलाजच सोडणाऱ्यांना तर चरकाचाही आधार नाही. त्याने दैवव्यपाश्रय (मंत्र-व्रतादी), युक्तिव्यपाश्रय (औषध-आहारादी) आणि सत्त्वावजय (मनोनिग्रह) अशी त्रिविध चिकित्सा सांगितली, आणि बलवान पुरुषकार, म्हणजे प्रयत्न, दुर्बल दैवावर मात करतो असेही प्रतिपादिले. सुश्रुतानेही प्रमेहाचे, म्हणजे ज्यात मधुमेह मोडतो त्या रोगाचे, सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार मानले, म्हणजे जन्मतः आलेल्या व्याधीचा दोष रोग्याच्या आचरणावर लादला नाही. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, त्यांनी ते थांबविले तर थोड्याच दिवसांत, कधी एक-दोन दिवसांतही, प्राणावर बेतते. म्हणून ज्यांच्या घरी असे माळकरी वडील किंवा असे मूल आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : जांभूळबीचे चूर्ण द्या, बिजासाराच्या पेल्यातले पाणी द्या, आसव द्यायचे तर डॉक्टरांना आधी सांगून आणि साखर तपासून द्या, पण यांपैकी कशाच्याही भरवशावर सुई बंद करू नका.