चाक फिरतं, ऊन परत जात नाही



आजचं वाचन: गीता, अध्याय 3, श्लोक 14 ते 16. जीव अन्नातून, अन्न पावसातून, पाऊस यज्ञातून आणि यज्ञ कर्मातून, असं एक चाक भगवंत दाखवतात. जो नुसता खातो पण या चाकाला हातभार लावत नाही, त्याचं जगणं वाया, असं पुढे स्पष्टच सांगतात.

खरं सांगते, आज हा श्लोक टोचला. पोथी उघडायच्या आधीच फ्रीजमधला चार दिवसांचा भात पिशवीत बांधून टाकून दिला होता. मनाला समजावलं, "जाऊ दे, किडे-मुंग्या खातील. चाक फिरतंच आहे की!"

पण खरंच फिरतं का?

1942 साली रेमंड लिंडमन या अमेरिकन शास्त्रज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. मिनेसोटातल्या एका छोट्या तळ्यात ऊर्जा कोणाकडून कोणाकडे जाते, याचा हिशेब त्याने मांडला होता. निबंध छापून यायच्या आधीच, 26 वर्षांचा असताना, तो गेला. आज आपण शाळेत शिकतो तो ढोबळ नियम याच विचारातून आला: एका पायरीवरून पुढच्या पायरीवर साधारण 10 टक्केच ऊर्जा पोचते. गवतात 1000 भाग असतील तर नाकतोड्यात 100, बेडकात 10, सापात 1. बाकीची बरीचशी जगण्यातच खर्च होते आणि उष्णता होऊन निघून जाते. ती परत गवतात येत नाही.

म्हणजे गीतेचं चाक चुकलं? मला नाही वाटत. आणि "आपल्या ऋषींना हे सगळं आधीच माहीत होतं" असंही मला म्हणायचं नाही. संभाजीनगरची पाणचक्की आठवा. चाक गोल फिरतं, पण त्याला फिरवणारं पाणी पुढे वाहून जातं. तसंच इथे. माती, पाणी, कार्बन, नायट्रोजन हे गोल फिरतं; ऊन मात्र फक्त येतं आणि जातं. सूर्याचं ऋण सूर्याला फेडताच येत नाही!

मग आपल्या हातात काय उरतं? दोन गोष्टी.

एक, चाक अडवायचं नाही. माझा भात मातीत गेला असता तर किडे-बुरशीने खाल्ला असता, खत झालं असतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्याच्या डोंगराखाली गेला, की हवेविना कुजून त्याचा मिथेन होतो. म्हणजे मनाला दिलेलं ते समाधान खोटं होतं. किड्यांचं नाव पुढे करून मी माझा आळस झाकला.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. आज मी जे खाल्लं, त्यातली बहुतेक ऊर्जा आज ना उद्या उष्णता होऊन जाणारच. साठवून ठेवायची म्हटली तरी कायमची राहणार नाही. बेडकाची 90 टक्के 'वाया' गेली असं आपण म्हणतो, पण त्याच ऊर्जेवर तो उडी मारतो, पावसात ओरडतो, जगतो. ते वाया नाही. प्रश्न एवढाच, की जाता जाता तिने माझ्याकडून काय करून घेतलं? कोणाचं ओझं उचललं, की तासभर रील्स बघत चिडचिड केली? मला वाटतं, यज्ञ इथेच सुरू होतो. खाणं हे पाप नाही. खाऊन नुसतं तापणं आणि विझणं, हे वाया.

आजी जेवायच्या आधी ताटाभोवती पाणी फिरवून चार शितं बाजूला ठेवायची. आपण निदान एवढं करूया: आज अर्धी वाटी तांदूळ कमी लावायचा, ओला कचरा वेगळा ठेवायचा आणि झोपताना स्वतःला विचारायचं, "आजचं ऊन कुठे खर्च झालं?"

उद्या श्लोक 17. जय हरी!