राधाची आजी

मराठी बालवाङ्मयातील आजी बहुधा गोष्ट सांगणारी असते, अथवा भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या आणि वाघाला चकवणाऱ्या लोककथेतल्या म्हातारीप्रमाणे ती स्वतःच गोष्टीची नायिका असते. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या ज्योत्स्ना प्रकाशनाच्या संचातील आजी मात्र या दोहोंहून वेगळी आहे, कारण आई, बाबा, आजोबा यांच्याप्रमाणे तीही नातीच्या नजरेतून दिसणारे घरातले एक माणूस आहे, आणि तिचे रोजचे असणे एवढाच पुस्तकाचा विषय आहे. चित्रपुस्तक, म्हणजे ज्यात चित्र मजकुराची सजावट न करता कथनाचा वाटा स्वतः उचलते असे पुस्तक, या प्रकारात लेखिका आणि चित्रकार एकच असण्याचा लाभ मोठा असतो, कारण जे चित्रात दिसते ते शब्दांत पुन्हा सांगावे लागत नाही. पुरंदरे यांना 2014 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तो सर्वथा उचित होता.

सिडकोने, म्हणजे 1970 मध्ये स्थापन झालेल्या शहर व औद्योगिक विकास महामंडळाने, वसवलेल्या नवी मुंबईत या पुस्तकाचे मोल अधिकच जाणवते. वाशी-नेरूळच्या सदनिकांत नोकरीसाठी आलेल्या कितीतरी कुटुंबांची आजी गावीच राहिलेली असते, आणि तिथल्या मुलाला आजी ठाऊक असते ती सुट्टीतली, लाड करणारी. तिचे कामाचे, कंटाळ्याचे, रागाचे दिवस त्याच्या वाट्याला येतच नाहीत.