कणगी, रांजण आणि सर्ज टँक

गाडी डावीकडे वळली की टाकीतलं पेट्रोल उजवीकडे धावतं. वळणावर बाजूने बसणारा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला, तर पेट्रोलचा पृष्ठभाग थेट ४५ अंशांत कलतो. टाकीत दहा लिटर पेट्रोल असतं आणि ते ओढणाऱ्या नळीचं तोंड मात्र कोरडं पडतं. पंप हवा पकडतो, इंजिन झटके देतं. शर्यतीसाठी गाड्या तयार करणाऱ्या गॅरेजांत ही तक्रार जुनीच आहे.

कार्ब्युरेटरच्या जमान्यात हे निभावून जायचं. कार्ब्युरेटरच्या पोटातच फ्लोटची छोटी वाटी असते आणि काही सेकंदांचा शिधा तिथे कायम भरलेला असतो. इंजेक्शनच्या इंजिनाला अशी वाटी नाही. त्याच्या इंजेक्टरपाशी साधारण तीन बारचा दाब सतत लागतो. तो पडला की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका, सुरू होतं, आणि टर्बो इंजिनात पिस्टनला भोक पडायला असं एखादं वळण पुरतं. म्हणून जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजेक्शनचं इंजिन बसवणारा कारागीर मुख्य टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये आणखी एक छोटी टाकी बसवतो. ती दीड-दोन लिटरची, उभट आणि अरुंद असते. तिलाच सर्ज टँक म्हणतात.

उद्यासाठी काढून ठेवणं हा अविश्वास आहे की जबाबदारी? हा प्रश्न धर्मांनी हजारो वर्षं चघळला आहे, आणि या दोन लिटरच्या भांड्यात तो पुन्हा समोर येतो.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मण गृहस्थाच्या साठ्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. एकाकडे कणगीभर धान्य, दुसऱ्याकडे रांजणभर, तिसऱ्याकडे तीन दिवसांपुरतं. चौथा अश्वस्तनिक, त्याच्या घरात उद्याचं काहीच नाही. यांत पुढचा मागच्यापेक्षा श्रेष्ठ मानला आहे. पण पहिल्या तिघांना त्या ग्रंथाने बाहेर काढलेलं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. जैन परंपरेत साधूसाठी अपरिग्रह हे पाचवं महाव्रत. गृहस्थाने मात्र आपल्या मालमत्तेची मर्यादा स्वतः ठरवायची, त्याला परिग्रह-परिमाण म्हणतात. बौद्ध भिक्खूला अन्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही, पण आजारपणात तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी सात दिवस बाळगण्याची मुभा आहे. बायबलच्या निर्गम या पुस्तकात वाळवंटातल्या इस्राएली लोकांना रोज सकाळी मान्ना नावाचं अन्न मिळतं. उद्यासाठी ठेवलेल्यात किडे पडतात. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची आज्ञा आहे, कारण सातवा दिवस विश्रांतीचा; आणि त्या दिवशीचा साठा नासत नाही.

मान्नाची कथा इथे सर्वांत बोलकी आहे. अन्न तेच, भांडं तेच. एका रात्री नासतं, दुसऱ्या रात्री टिकतं. फरक आहे तो कशासाठी ठेवलं याचा.

सर्ज टँकची जोडणी नीट पाहिली तर हाच फरक पाइपांत उतरलेला दिसतो. मुख्य टाकीतून कमी दाबाचा लिफ्ट पंप पेट्रोल उचलतो आणि सर्ज टँकमध्ये सोडतो. त्याने मध्येच हवा ओढली तरी बिघडत नाही, कारण बुडबुडे वर जातात आणि तळाशी निव्वळ पेट्रोल राहतं. त्या तळातून जास्त दाबाचा पंप पेट्रोल घेतो. शर्यतीच्या गाड्यांत वर्षानुवर्षं वापरला जाणारा बॉशचा ०४४ पंप ढकलण्यात जबरदस्त, पण ओढण्यात कच्चा. त्यामुळे तो सर्ज टँकच्या तळापेक्षा खाली बसवावा लागतो. पेट्रोल आपल्या वजनाने त्याच्या तोंडाशी यायला हवं. तिथून फिल्टर, मग इंजेक्टरची रेल, मग दाब राखणारा रेग्युलेटर. इंजिनाने घेऊन उरलेलं पेट्रोल रेग्युलेटरमधून परत सर्ज टँकच्या वरच्या भागात येतं. चौथी नळी टाकीच्या अगदी माथ्यावरून निघते आणि ओसंडलेलं पेट्रोल, सोबतची हवा, मुख्य टाकीत परत नेते.

रेग्युलेटरची रिटर्न लाइन सर्ज टँकलाच का, हे आकड्यांत स्पष्ट होतं. सुमारे ३०० अश्वशक्तीचं टर्बो इंजिन पूर्ण जोरात तासाला साधारण १०० लिटर पेट्रोल पितं, म्हणजे सेकंदाला जेमतेम २८ मिलिलिटर. त्याचा पंप मात्र तासाला २५० लिटर फिरवत असतो. उरलेलं पेट्रोल सर्ज टँकमध्येच परतलं, तर लिफ्ट पंपाने पूर्ण हवा पकडली तरी दोन लिटर एक मिनिटाहून जास्त पुरतात. तेच मुख्य टाकीत सोडलं, तर अर्ध्या मिनिटात तळ दिसतो. म्हणजे साठा किती हे निव्वळ भांड्याच्या आकारावर ठरत नाही. गरजेपेक्षा जास्त घेतलेलं कुठे परत जातं, यावरही ठरतं. अपरिग्रहावरच्या चर्चांत ही बाजू फार क्वचित येते, आणि ती यायला हवी.

माथ्यावरच्या चौथ्या नळीबद्दल तर आग्रहाने सांगायला हवं. नवखे लोक तिला कमी लेखतात, बारीक पाइप लावतात, कधी वळसे देतात. ती चोंदली की सर्ज टँकमध्ये दाब साचतो, रेग्युलेटरचं गणित बिघडतं, क्लॅम्पवर ताण येतो आणि पेट्रोलची गळती सुरू होऊ शकते. शिवाय पंपातून पुन्हा पुन्हा फिरून पेट्रोल तापतं. वरून ते बाहेर पडत राहिलं तरच ताजं, थंड पेट्रोल आत येतं. अडवून धरलेल्या साठ्याचा पहिला उपद्रव त्या साठ्यालाच होतो.

पाण्याच्या बाबतीत हे पुण्याला अठराव्या शतकात ठाऊक होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी आणलं गेलं. वाटेत हवा कोंडू नये म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. नळाच्या भागाला श्वासाचं नाव देणाऱ्या त्या माणसांना यंत्राची जात कळली होती.

साठा आणि सोडून देणं यांचा सर्वांत नेमका हिशेब मराठी परंपरेत तुकोबांच्या नावावर आहे. १६३०च्या दुष्काळात घर उद्ध्वस्त झालं. पुढे तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे सगळ्यांना आठवतं. संतचरित्रकार महिपतींनी लिहिलेल्या चरित्रातला तपशील मात्र अनेकदा गळतो: आधी धाकटा भाऊ कान्होबा याच्याशी खतांची निम्मी-निम्मी वाटणी झाली आणि तुकोबांनी बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. भावाच्या संसाराची तरतूद त्यांनी पाण्यात टाकली नाही. अश्वस्तनिक होण्याचा अधिकार प्रत्येकाला फक्त स्वतःपुरता असतो. दुसऱ्याचं पोट ज्याच्यावर अवलंबून आहे, त्याने काही काढून ठेवायलाच हवं.

इंजिनही असंच अवलंबून असतं. त्याच्या बाजूने पाहिलं तर सर्ज टँक हा लोभ ठरत नाही. गाडीतल्या पेट्रोलवर त्याने कुणाचा नवा हक्क उभा केलेला नसतो. त्यातलं थोडं त्याने हवं तिथे, हवं तेव्हा मिळेल असं ठेवलेलं असतं. अशा साठ्याला अविश्वास म्हणणं अन्यायाचं आहे.

हे काम हाती घेणाऱ्यांना काही सांगणं आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, असं स्पष्ट केलं आहे. अशी गाडी शर्यतीच्या ट्रॅकवरच न्यावी. पाइप आणि सील इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकणारेच घ्यावेत. टाकी केबिनमध्ये बसवायची वेळ आली तर तिच्याभोवती धातूची बंद पेटी हवी आणि तिची वाफ गाडीबाहेर सोडलेली हवी. आणि पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी, आग विझवण्याचं सिलिंडर हाताशी ठेवून, फक्त लिफ्ट पंप चालवावा. सर्ज टँक भरून माथ्यावरच्या नळीतून पेट्रोल मुख्य टाकीत परत येताना दिसेपर्यंत दुसऱ्या पंपाचं बटण दाबू नये.