धीर देणाऱ्याला धीर कोण देणार?



'मंडळी' हा शब्द आपण मराठी माणसं किती सहज वापरतो! घरची मंडळी, पाहुणे मंडळी, रसिक मंडळी. मराठी ख्रिस्ती बांधवांच्या बोलण्यात मात्र या शब्दाला एक खास अर्थ आहे. एकत्र येऊन उपासना करणारा चर्चचा समाज म्हणजे 'मंडळी', आणि त्या मंडळीची काळजी वाहणारा तो 'पाळक'. यंदाच्या स्मरणिकेसाठी मला या पाळकाविषयी लिहावंसं वाटलं. तेही मोठ्या, भरलेल्या चर्चच्या पाळकाविषयी नव्हे, तर ज्याची मंडळी दरवर्षी थोडी थोडी आटत चालली आहे, अशा पाळकाविषयी.

आपल्या अंकात हा विषय कुठून आला, असं काहींना वाटेल. पण अमेरिकेतली मराठी मंडळं आणि चर्चचे हॉल यांचं नातं जुनं आहे. स्वतःची वास्तू नव्हती, जवळपास मंदिर नव्हतं, तेव्हा कितीतरी गावांत आपले गणपती, मराठी शाळेचे वर्ग आणि नाटकांच्या तालमी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्येच झाल्या. भाडं माफक, किचन मोठं आणि पार्किंगची चिंता नाही! त्याच इमारतीत रविवारी सकाळी किती माणसं जमतात, हे मात्र आपण क्वचितच विचारलं. शिवाय आपल्यातलीच काही मराठी कुटुंबं ख्रिस्ती आहेत. त्यांना तर हा विषय घरचाच.

आकडे बोलके आहेत. गॅलपच्या पाहणीनुसार १९९९ साली अमेरिकेतले ७० टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या चर्चचे, सिनगॉगचे वा मशिदीचे सभासद होते. २०२० साली हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आलं. म्हणजे या पाहणीच्या इतिहासात प्रथमच निम्म्याच्या खाली. अमेरिकेतल्या हजारो प्रार्थनास्थळांच्या दुसऱ्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं, की २००० साली मधल्या आकाराच्या प्रार्थनास्थळात आठवड्याच्या उपासनेला १३७ माणसं येत, ती २०२० मध्ये ६५ वर आली. बार्ना या संस्थेने मार्च २०२२ मध्ये प्रॉटेस्टंट पाळकांना विचारलं, तेव्हा ४२ टक्के म्हणाले की गेल्या वर्षभरात हे काम सोडून द्यावं असा विचार गांभीर्याने मनात येऊन गेला. कारणं कोणती? प्रचंड ताण, एकटेपणा आणि मंडळीतली राजकीय दुही.

या ६५ माणसांच्या पाळकाचं काम डोळ्यांपुढे आणून पाहा. रविवारचं प्रवचन त्याचं. हॉस्पिटलात भेटायला जायचं तेही त्याने. लग्न त्याने लावायचं, अंत्यविधी त्याने करायचा. छप्पर गळतंय, हीटिंगचं बिल थकलंय, तरुण मुलं दुसऱ्या गावी गेली आहेत, आणि उरलेले सभासद "पूर्वी इथे कशी गर्दी असायची!" हे दर आठवड्याला ऐकवताहेत. पुष्कळांना पगार अपुरा पडतो, म्हणून आठवडाभर दुसरी नोकरीही करतात. सगळ्यांना धीर देणारा हा माणूस. त्याला धीर कोणी द्यायचा? आणि द्यायचा तो कसला? "सगळं ठीक होईल" असं म्हणायचं का? ते खरं नसेल तर?

इथे खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. ज्याची मंडळी घटते तो पाळक अपयशी समजायचा का? आपण इमिग्रंट माणसं आकड्यांवर वाढलेली. मार्क, रँक, पगार, घराची किंमत. आपल्याला वाटतं, काम चांगलं असेल तर आकडा वाढलाच पाहिजे. इतिहास मात्र इतका सरळ हिशेब मांडत नाही.

गॉर्डन हॉल हे नाव फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक असेल. मॅसॅच्युसेट्समधला हा तरुण १८१३ साली मुंबईत उतरला. अमेरिकेहून महाराष्ट्रात आलेल्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी हा एक. तो मराठी शिकला, सहकाऱ्यांबरोबर शाळा काढल्या, छापखाना उभारला, बायबलच्या मराठी भाषांतराचं काम केलं. पण 'मंडळी' म्हणावी असा समाज काही उभा राहिला नाही. १८२६ साली नाशिकहून मुंबईकडे परतताना कॉलऱ्याने वाटेतच त्याचा मृत्यू झाला. तेरा वर्षांचा जमाखर्च मांडला असता तर जमेला फार थोडं दिसलं असतं.

पण पुढे काय झालं? त्याच्या मृत्यूनंतरच्याच वर्षी सिंथिया फरार ही शिक्षिका याच मिशनमध्ये आली. १८३१ मध्ये मिशनचं केंद्र अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) सुरू झालं. फरारबाईंच्या तिथल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढताना ते उदाहरण त्यांच्यासमोर होतं. धर्मांतराविषयी आपलं मत काहीही असो, मराठी मुलींच्या शिक्षणाच्या वाटेवर त्या तेरा 'अपयशी' वर्षांचाही एक दगड आहे, हे नाकारता येणार नाही. हॉलला यातलं काहीच दिसलं नाही.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधल्या केंब्रिजचं. १७८२ साली चार्ल्स सिमियन हा २३ वर्षांचा तरुण होली ट्रिनिटी चर्चचा पाळक झाला. मंडळीला दुसराच माणूस हवा होता. तेव्हा चर्चमधली बाकं कुटुंबांच्या नावे असत. लोकांनी आपापल्या बाकांना कुलपं लावली आणि घरी बसले! सिमियनने स्वतःच्या खर्चाने मधल्या वाटेत बसायची सोय केली, तर चर्चच्या कारभाऱ्यांनी ती उचलून बाहेर फेकली. दहा वर्षांहून अधिक काळ हे चाललं. सिमियन मात्र त्याच चर्चमध्ये १८३६ साली मरेपर्यंत, म्हणजे ५४ वर्षं राहिला. त्याच्या हाताखाली तयार झालेली किती तरी तरुण मंडळी पुढे पाळक म्हणून देशोदेशी गेली.

मग निष्कर्ष एवढाच का, की नुसतं चिकटून राहावं? मला तसं वाटत नाही. "मी निष्ठेने काम करतोय, फळ देवाच्या हाती" हे वाक्य खरंही असू शकतं आणि सबबही. आपल्याकडे निष्काम कर्माचा आधारही असाच दोन्ही प्रकारे घेतला जातो. फळाची आसक्ती नको म्हणजे कामाचा दर्जा तपासायला नको, असं नव्हे. सिमियनकडे पाहा. तो नुसता वाट पाहत बसला नाही. दारं बंद झाली तेव्हा त्याने उभं राहणाऱ्यांसाठी जागा केली, विद्यार्थ्यांना आपल्या खोल्यांवर चहाला बोलावून त्यांचे प्रश्न ऐकले. निष्ठा उद्देशाशी असावी, पद्धतीशी नव्हे. पाळकाने स्वतःला विचारायचा प्रश्न "किती आले?" एवढाच नाही. "जे आले त्यांची मी नीट काळजी घेतली का? जे येत नाहीत त्यांच्या दारापर्यंत मी गेलो का?" या प्रश्नांची उत्तरं त्याच्या हातात आहेत. आकडा पूर्णपणे त्याच्या हातात कधीच नसतो.

आकडा वाढला म्हणजे मन भरून येतं, असंही नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये चार्ल्स स्पर्जन यांना ऐकायला हजारो लोक येत. १८५६ साली सरे गार्डन्सच्या सभागृहात कोणीतरी आग लागल्याची खोटी ओरड केली, चेंगराचेंगरीत सात जण मेले. तेव्हा स्पर्जन अवघे २२ वर्षांचे होते. तो घाव आणि पुढे वारंवार येणारी खिन्नता त्यांना आयुष्यभर पुरली. पण त्यांनी ती लपवली नाही. पाळक होऊ पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी एका अख्ख्या व्याख्यानात सांगितलं, की असे काळोखे दिवस तुमच्यावरही येतील आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून हे ऐकून किती जणांचं ओझं हलकं झालं असेल!

आता धीर द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं? बायबलच्या जुन्या करारात याचे फार शहाणे धडे आहेत. एलीया हा संदेष्टा थकून, निराश होऊन रानात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत येतो, पण तो प्रवचन देत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, आणि उठल्यावर पुन्हा खायला घालतो. पुढे त्याला कळतं, की तू एकटा उरलेला नाहीस, आणखी सात हजार आहेत. त्यानंतर त्याला अलीशा नावाचा सोबतीही मिळतो. क्रम लक्षात घ्या: आधी अन्न आणि विश्रांती, मग सत्य, मग सोबत. आपण बहुधा याच्या उलट करतो. दमलेल्या माणसाला आधी सल्ला देतो!

दुसरा धडा मोशेच्या सासऱ्याचा. इथ्रो जावयाकडे येतो आणि पाहतो, तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशे एकटाच लोकांचे तंटे सोडवतोय. सासरेबुवा कौतुक करत नाहीत, स्पष्ट सांगतात की हे बरं नाही, तू थकशील आणि लोकही थकतील. विश्वासू माणसं निवड, त्यांच्यावर कामं सोपव. खरा हितचिंतक असा असतो. तो पाठ थोपटतो आणि चूकही दाखवतो. नेतृत्व म्हणजे सगळं आपणच उचलणं, हा समज पाळकाला आतून पोखरतो, आणि मंडळीला आळशी बनवतो.

सगळ्यात अवघड प्रसंग वेगळाच. सगळं करूनही मंडळी टिकणार नाही, हे स्पष्ट दिसू लागतं तेव्हा? अशा वेळी खोटी आशा दाखवणं हा धीर नव्हे. दरवाजा बंद करायची वेळ आली, तर तो सन्मानाने बंद करणं हेही नेतृत्वच. शेवटच्या वृद्ध सभासदाला नव्या ठिकाणी पोचवणं, उरलेला पैसा गरजूंच्या कामी लावणं, वास्तू दुसऱ्या समाजाच्या हाती सोपवणं. मरणाऱ्या माणसाजवळ शेवटपर्यंत बसणाऱ्या डॉक्टरला आपण अपयशी म्हणत नाही. मग या पाळकाला का म्हणावं?

आणि आपण? आपली मंडळंही पाच-सहा जणांच्या खांद्यांवर चालतात. नवी पिढी येईना, कार्यकर्ते मिळेनात, ही कुरकुर आपल्या प्रत्येक सर्वसाधारण सभेत ऐकू येते. त्यामुळे त्या पाळकाचं दुःख आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. पुढच्या वेळी हॉलची किल्ली परत करायला जाल, तेव्हा भाड्याच्या चेकबरोबर एक डबाही न्या. त्यांचं नाव विचारा. "या वर्षी कसं चाललंय तुमचं?" एवढं विचारून उत्तर ऐकायला थांबा. गळक्या छपरासाठी शनिवारी चार हात लागणार असतील, तर आपल्याकडे इंजिनियरांची काय कमी आहे! आणि आपल्या मराठी ख्रिस्ती मित्रांना विनंती अशी, की पाळकसाहेबांना रविवारी प्रवचन कसं झालं हे जरूर सांगा, पण त्यांची सुट्टी कधी झाली हेही कधीतरी विचारा.

धर्म वेगळे असले तरी थकवा सगळीकडे सारखाच असतो, आणि भाकरीची चवही!