चव्हाट्यावरची सही

नळदुर्ग आणि अणदूर या दोन गावांत खंडोबाची मूर्ती एकच आहे. ती कुठे किती दिवस राहील याचा लेखी करार दोन्हीकडचे मानकरी दरवर्षी करतात. ती सही मानाची असते, पण इथल्या बाईला एक सही भीत भीत करावी लागते. 25 मार्च 2008 च्या शासन आदेशानुसार नगरपरिषदेच्या प्रभागातले दारूचे दुकान बंद करायचे, तर आधी किमान 25 टक्के महिला मतदारांच्या किंवा एकूण मतदारांच्या सह्यांचे निवेदन लागते. त्यांची पडताळणी झाली की गुप्त मतदान होते, उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद). प्रभागात हजार महिला मतदार असतील, तर आधी अडीचशे सह्या आणि मग निम्म्याहून जास्त, म्हणजे 501 मते हवीत.

मत गुप्त ठेवले, कारण दुकानदाराची, त्याच्या पाठीराख्यांची आणि घरातल्या पिणाऱ्याची भीती खरी आहे. मग त्याच बाईने गुप्त मतपेटीपर्यंत पोचण्यासाठी आधी उघडपणे नाव लिहून द्यायचे, हे कुठले संरक्षण? जिला दुकान सर्वांत जास्त छळते, तीच सहीला सर्वांत जास्त कचरते. सह्यांची अट सैल केली तर धंद्यातले प्रतिस्पर्धी परवानाधारकाला निवेदनांनी हैराण करतील, हा आक्षेप रास्त आहे. पण सह्यांनी दुकान बंद होत नाही, फक्त मतदान होते. फसलेल्या मतदानानंतर ठरावीक काळ नवे निवेदन घेऊ नये, एवढ्याने तो त्रास टळेल. शिवाय निम्म्याची अट नोंदलेल्या मतदारांवर आहे. ऊसतोडीला गेलेली, यादीतून न वगळलेली मृत, अशी सगळी नावे आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात पडतात. दुकानदाराला एवढे कवच असताना पहिल्या पायरीवर पुन्हा भिंत कशाला? स्वित्झर्लंडमध्ये संसदेने केलेल्या कायद्यावर सार्वमत मागायला शंभर दिवसांत 50,000 सह्या पुरतात, म्हणजे तिथल्या मतदारांच्या जेमतेम एक टक्का.

महामार्गालगतच्या दारूविक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये बंदी घातली, पण जुलै 2017 मध्ये नगरपालिका हद्दीतल्या दुकानांना ती लागू नसल्याचा खुलासा झाला. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या नळदुर्गात नगरपरिषद आहे. म्हणजे इथल्या बायकांच्या हाती मुख्यतः हे निवेदनच उरते. त्याची अट दहा टक्क्यांवर आणावी आणि सह्यांची यादी पडताळणी करणाऱ्यांखेरीज कुणालाही दाखवू नये.