सिस्टर, खोकला नाहीये

समजा, डे-केअर वॉर्डात सलाईन लावण्याआधी सिस्टर विचारते, "काकू, खोकला आहे का?" काकू म्हणतात, "नाही हो, एकदम बरी आहे." आणि पदर तोंडाशी धरून हळूच घसा साफ करतात.

याला खोटं बोलणं म्हणायचं का?

औषध आहे ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकॅन. पसरलेल्या, हर-टू पॉझिटिव्ह ब्रेस्ट कॅन्सरसाठी अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली. दर २१ दिवसांनी ते शिरेतून देतात. बाकी औषधं थकल्यावरही याने अनेकींच्या गाठी आकसतात. पण काहींच्या फुप्फुसांना सूज येते. ज्या चाचणीवरून मान्यता मिळाली, तिच्यातल्या १८४ रुग्णांपैकी ४ जण त्या सुजेने दगावले. सुरुवात होते ती साध्या कोरड्या खोकल्याने. नियम असा की सूज नुसती स्कॅनमध्ये दिसली, त्रास काहीच नसला, तर औषध थांबवून वाट बघायची; सूज गेली की पुन्हा सुरू करता येतं. पण खोकला किंवा दम या सुजेमुळेच आहे असं ठरलं, तर स्टिरॉइड सुरू आणि हे औषध कायमचं बंद.

म्हणजे काकूंचं गणित काही अगदीच वेडं नाही.

शरीर माझं, धोका माझा, असं त्या म्हणू शकतात, आणि मला ते पटतं. अर्ध्यापर्यंतच पटतं. कारण तो खोकला सर्दीचाही असू शकतो, आणि सूज असलीच तर लवकर कळल्यावर अनेकदा उतरते. गप्प राहिलं की यातलं काय आहे, हे काकूंनाही कळत नाही. शिवाय थेंब सुरू करणारा हात सिस्टरचा असतो. धोका पत्करायला तिची संमती कुणी विचारली?

मुरलेल्या सिस्टर मग वेगळं विचारतात. "मागच्या वेळी जिन्याने आलात, आज लिफ्टने?" बोटाला ऑक्सिमीटर लावून गप्पा मारतात. ही काळजी आहे की पाळत? मला वाटतं, दोन्ही. रुग्णाला बेसावध पकडण्यात थोडी फसवणूक आहेच. (आपण आईबाबांच्या गोळ्या मोजतो, तेव्हा वेगळं काय करतो?) त्यापेक्षा खरं उत्तर दिलं तर पुढे काय होईल, हे आधीच सांगणं मला जास्त सरळ वाटतं. तसं सांगायचं तर सिस्टरलाही नको ते बोलावं लागतं.

"काकू, खोकला म्हणजे लगेच बंद असं नाही. आधी सीटी करू."

"आणि त्यात निघालं तर?"

"तर हे औषध बंद. दुसरं काय देता येईल ते डॉक्टर बघतील."

काकू स्टँडवरच्या पिशवीकडे बघत राहतात. मग म्हणतात, "चार दिवस झाले."